गोडनिंबावरचे दोन पाहुणे

"विज्ञान कुणाची भीड धरत नाही," डॉ. पिंपळापुरे सर म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाले, "त्यामुळे शेवंताबाईंकडे तूच जा, ढोक. मी गेलो तर बरं दिसणार नाही."

सरांची अडचण खरी होती. आमच्या संत्रा केंद्राला लागूनच शेवंताबाई गावंडेंचा मळा होता. केंद्राच्या कँटीनमध्ये ताक त्यांचं यायचं आणि कढीत पडणारा गोडनिंबही त्यांच्याच फाटकापाशी असलेल्या झाडाचा. (वऱ्हाडात गोडनिंबाला कढीपत्ता म्हणणारा माणूस हमखास बदलीवर आलेला असतो.) गेली एकोणीस वर्षं सर ती कढी दोन वाट्या पीत होते. आता तेच झाड तोडायचं होतं, आणि तोडा म्हणून सांगायला मला पाठवलं जात होतं. मी हंगामी होतो. माझी नेमणूक दर मार्चमध्ये नव्याने व्हायची आणि तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

कारण होतं सायला. नाव बाईचं वाटलं तरी हा तिळाएवढा, तपकिरी, रस पिणारा किडा. चालणं-उडणं त्याला फारसं आवडत नाही. धक्का लागला की टुणकन उडी मारतो. पानावर बसतो तोसुद्धा डोकं खाली, बूड वर, नमस्काराला वाकला आणि मग उठायचं विसरला असा. त्याला जून पान चालत नाही. अंडी घालायला नुकती फुटलेली कोवळी पालवीच लागते. पिल्लं त्या पालवीला चिकटून रस ओढतात आणि मागून साखरेच्या पाकासारखं चिकट सोडतात. संत्रं, मोसंबी, लिंबू, गोडनिंब आणि त्याच खानदानातली आणखी दोन-चार झाडं, एवढ्यांवरच त्याचा संसार चालतो. अशा झाडाला आमच्या भाषेत यजमान म्हणायचं.

जानेवारीत हा सायला आमच्या मातृवृक्षांवर निघाला. ही संत्र्याची चौसष्ट झाडं सरांनी रोपापासून वाढवलेली. जिल्हाभरातले कलमवाले कलम बांधायला फांदीवरचे डोळे न्यायला इथेच यायचे. त्यातल्या तीन झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या. सायला नुसता रस पीत नाही, एका झाडाचा रोग दुसऱ्याला नेऊन देतो. सरांची झोप उडाली. दर आठवड्याला फवारणी व्हायची, चार दिवस शांतता, की पुन्हा किडे हजर.

"कुठून तरी येतायत," सर म्हणायचे. "यांचं घर बाहेर कुठेतरी आहे."

बाहेर शोधायला आमच्याकडे एक छापील तक्ताच होता. त्याचं शीर्षक होतं, 'केंद्राबाहेरील यजमान वनस्पतींची पाहणी'. मी बाहेर पाहिलं. बाहेर, अर्ध्या कोसात, त्या खानदानातलं एकच झाड होतं.

"शनिवारी मेळावा आहे," सर म्हणाले. "विषयच सायला नियंत्रण. दीडशे शेतकरी येतील, पाहुणे येतील. शेजारी यजमान उभा ठेवून मी भाषण काय करू?"

मी माळ्याला, श्रावण मेश्रामला सोबत घेतलं. भिंग, तक्ता, पांढरा कागद असा सरंजाम घेऊन आम्ही शेतांमधल्या पांदणीच्या वाटेने निघालो.

फाटकापाशी झाडाखाली बाजेवर एक म्हातारा बसला होता. शेवंताबाईंचे सासरे, उकंडाजी. डोळे जाऊन बारा वर्षं झालेली.

"केंद्रवाले व्हय का?" आम्ही वीस पावलं लांब असतानाच ते म्हणाले.

"हो आजोबा. कसं ओळखलं?"

"तुमच्या चपलेचा आवाज सरकारी हाये. घाई लय करते, पन पोचत नाई."

श्रावण मोकळेपणाने हसला. तो कायम नोकरीत होता.

शेवंताबाई गोठ्यातून हात पुसत आल्या. पंचेचाळिशीची, सडसडीत बाई; नवरा गेल्यापासून मळा एकटी बघत होती. मी त्यांना सायला समजावून सांगितला, रोग सांगितला, चौसष्ट झाडं सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"किडा. माह्या झाडावर हाये म्हन्ता नं? दाखवा."

मी पांढरा कागद फांदीखाली धरला आणि श्रावणने फांदी झटकली. कागदावर पडला एक कोळी, दोन वाळक्या काड्या आणि थोडी धूळ. दुसरी फांदी झटकली, तिसरी झटकली. मग भिंग घेऊन पाऊण तास शेंडे तपासले. पालवी होती, पण पिल्लू एकही नव्हतं, अंडंही नव्हतं. शेवटी उत्तरेकडच्या एका पानावर सापडले: डोकं खाली, बूड वर. दोन.

"हे बघा," मी विजयी स्वरात म्हणालो.

शेवंताबाईंनी भिंगातून पाहिलं. "हे दोनच?"

"दोनच, पण..."

"थे तं पाव्हने असतीन. तुमीबी दोघंच आले. तुमचं घर हाये का इथं?"

या प्रश्नाला कीटकशास्त्रात उत्तर होतं, आणि ते त्यांच्या बाजूने जात होतं. पिल्लं नाहीत म्हणजे इथे वस्ती नाही, हे मला दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात शिकवलं होतं. मी तक्त्यात 'प्रौढ किडे: २, पिल्लं: ०' असं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात उकंडाजी उठले. त्यांची मारुतीच्या पारावर जायची वेळ झाली होती. काठी उजव्या हातात, डावा हात कुंपणाच्या तारेवर, असे ते निघाले. फाटकातून बाहेर पडताना हात आपोआप वर गेला, गोडनिंबाचं एक पान खुडलं, चोळलं, नाकाशी नेलं आणि फेकलं.

"रोज असंच," शेवंताबाई म्हणाल्या. "येतानी बी असंच. पांदनीत सात फाटकं हायेत, सारे लोखंडाचेच. हाताले काय समजन? वास आला की वळतेत. बारा वर्सांत एक डाव चुकले नाई."

मी केंद्रात परतलो. सरांनी तक्ता वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"दोन?"

"दोनच, सर. पिल्लं नाहीत. मला वाटतं, वस्ती दुसरीकडेच..."

"दोनावर झाड तोडण्याचा आदेश निघत नाही, ढोक. किमान वीस लागतात." सरांनी तक्ता खाली ठेवला. मग बाहेरच्या चौसष्ट झाडांकडे बघत फार हळू म्हणाले, "झटकताना बरेच उडून गेले असतील. नाही का?"

सायला उडी मारतो हे खरंच होतं. मी टोपण काढलं आणि दोनाच्या पुढे एक शून्य लिहिलं. इतकं गोल शून्य मी आयुष्यात पुन्हा कधी काढलं नाही.

गुरुवारी सकाळी आदेशाची प्रत घेऊन मी पुन्हा त्या फाटकापाशी उभा होतो. शेवंताबाईंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. त्या सातवी शिकलेल्या होत्या. आकड्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"वीस?"

"काही उडून गेले होते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंगातून सायलाकडेही त्यांनी असंच पाहिलं होतं.

"तुमची चौसष्ट झाडं वाचतीन का यानं?"

"वाचतील."

"पक्कं?"

"सर म्हणतात."

"मंग तोडा," त्या म्हणाल्या. "रोगाचं झाड मी ठेवनार नाई. शेजारधर्म हाये. पन सासऱ्याले कोन सांगन?"

"तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतील."

"मी सांगन त्याईले. त्याईच्या नाकाले कोन सांगन?"

श्रावणने कुऱ्हाड चालवली. वीस मिनिटांत काम झालं. सगळ्या पांदणीत असा वास सुटला की जणू गावजेवणाची फोडणी बसली. उकंडाजी बाजेवर मान खाली घालून बसले होते. तोडणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "झालं का? बरं, चहा प्या." आम्ही चहा प्यालो. याची मला आजही, अठ्ठावीस वर्षांनी, लाज वाटते. चहा चांगला होता, हे तर आणखी वाईट.

शनिवारी मेळावा सुरू झाला. केंद्र नवरीसारखं सजलं होतं. फाटकापासून मांडवापर्यंत दोन्ही बाजूंनी कुंतीचं, म्हणजे पांढऱ्या सुवासिक फुलांच्या झुडपांचं कुंपण, शंभर-शंभर मीटर, कमरेएवढं, पट्टीने आखल्यासारखं. हे कुंपण म्हणजे केंद्राची शान. पाहुणे येणार असं कळलं की पहिला हुकूम सुटायचा तो कुंतीच्या छाटणीचा. या खेपेलाही वीस दिवसांपूर्वी श्रावणने ती छाटली होती, आणि आता सगळ्या कुंपणावर तांबूस-पोपटी कोवळी पालवी लसलसत होती. पाहुणे गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "वा!"

पुष्पगुच्छ न देता रोप द्यायची कल्पना सरांचीच. कुंपणाखाली कुंतीच्या बिया पडून रोपं उगवायचीच. श्रावण ती पिशव्यांत भरून कुंपणाच्या सावलीत वाढवायचा. आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला नावनोंदणीच्या टेबलावर एक माहितीपुस्तिका आणि एक कुंतीचं रोप मिळालं. लोक खूश होते. "संत्र्याच्या फुलावानी वास येते म्हन्तेत याचा," एक जण दुसऱ्याला सांगत होता. "बंगल्यापुढं लावतो."

अकराच्या सुमारास सरांचं भाषण रंगात आलं होतं. मी फाटकाशी उभा होतो, उशिरा येणाऱ्यांना मांडवात सोडायला. ध्वनिक्षेपकावरून सरांचा आवाज स्पष्ट येत होता: "शत्रूला मारण्यापेक्षा त्याचा आसरा मोडा! आमच्या परिसरातला एकमेव यजमान वृक्ष आम्ही परवाच नष्ट केला आहे!" टाळ्या पडल्या.

आणि फाटकातून उकंडाजी आत आले.

डाव्या हाताने कुंपण चाचपत, काठी टेकत, अगदी निवांत. दहा-बारा पावलं आत येऊन ते थांबले, कुंतीचं एक पान खुडून चोळलं, नाकाशी नेलं, आणि मोठ्याने म्हणाले, "शेवंते, पानी आन वं. आज लय लांब पडलं घर."

मांडवातली शेवटची रांग वळून बघायला लागली. मी धावत गेलो.

"आजोबा," मी त्यांचा दंड धरला. "हे केंद्र आहे."

"कोन? चपलवाले?"

"हो."

"घर कोठी गेलं?"

"मागे राहिलं. तुम्ही पुढे आलात."

"हां." त्यांनी काठी टेकवली. "झाड तोडल्यापासून आज पयल्यांदा पारावर गेलतो. सातही फाटकं हुंगले मी. एकालेही वास नाई. म्हटलं, डोये गेले, आता नाकबी गेलं. मंग इथं जरासा वास आला, म्हटलं हेच असन." त्यांनी डावा हात माझ्यापुढे केला. "पन हे काय हाये हो? सारा हात चिकट झाला. पाकात बुडवल्यावानी. आमच्या झाडाले असं चिकट कधी नव्हतं."

मी त्यांचा तळवा पाहिला. तो चकाकत होता आणि बोटांच्या पेरांना पांढरे, मेणासारखे बारीक दोरे लागले होते. हे दोरे मी ओळखत होतो. आमच्या कार्यालयातल्या तक्त्यावर त्यांचं रंगीत चित्र होतं.

मी खिशातून भिंग काढलं. मग मी कुंतीचा एक शेंडा वाकवून पाहिला.

पालवी दिसतच नव्हती. पालवीच्या जागी पिल्लं होती. नारिंगी, चपटी, लाल डोळ्यांची, एकाला एक खेटून, देठ दिसणार नाही अशी. त्यांच्यामधून पिवळ्या अंड्यांचे घोस. वर, पानाच्या कडेला, रांगेने बसलेले मोठे: डोकं खाली, बूड वर. मी मोजायला लागलो. दोनशेवर गेल्यावर मोजणं सोडलं. तो एक शेंडा होता. दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर मीटर कुंपण होतं, आणि चौसष्ट मातृवृक्ष त्या कुंपणापासून तीस पावलांवर.

कुंती संत्र्याच्याच खानदानातली आहे हे मला माहीत होतं. सरांना माहीत होतं. परीक्षेत विचारतात. पण कुंती हे पीक नव्हतं, ते कुंपण होतं. कुंपणं-रस्ते-दिवे हे सगळं प्रशासनाकडे होतं. कीटकशास्त्र विभागाने आजवर तिथे भिंग लावलं नव्हतं. आणि तक्त्यावर लिहिलेलंच होतं, 'केंद्राबाहेरील'. दर पाहुण्याला छाटणी, दर छाटणीला नवी पालवी, दर पालवीला नवी पिढी. एकोणीस वर्षं आम्ही सायला पाळला होता, पट्टी लावून.

"काय झालं?" उकंडाजी म्हणाले. "बोलत काऊन नाई?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, शेंडा रुमालात घेतला आणि मांडवातून सरळ व्यासपीठावर गेलो. माझं तोंड पाहून सर बोलायचे थांबले. मी रुमाल उघडून त्यांच्यापुढे धरला आणि भिंग दिलं. लोकांना वाटलं, प्रात्यक्षिक आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सरांनी पाहिलं. ध्वनिक्षेपकावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कुठला?"

"आपल्या कुंपणाचा."

"छाटणी कधी केली?"

"वीस दिवस झाले, सर."

"वीस दिवस," सर पुटपुटले. "म्हणजे एक पुरी पिढी." बावीस वर्षं या किड्यावर काम केलेला माणूस होता तो, पुढचं गणित त्यांचं त्यांनीच केलं. मग त्यांची नजर समोर गेली. समोर मांडवभर शेतकरी मांडीवर कुंतीचं रोप घेऊन बसले होते. हिरव्या-हिरव्या पिशव्या, वर कोवळे शेंडे.

"रोपं..." सर म्हणाले.

"वाटून झाली."

"किती?"

"एकशे चाळीस. सव्वीस गावं."

सर खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मी तेव्हा पाहिला तसा पुन्हा कुणाचा पाहिला नाही, आणि नंतर मी स्मशानातही बराच गेलो आहे. शेजारच्या पाहुण्यांनी वाकून विचारलं, "काय झालं डॉक्टरसाहेब?"

"शुगर," सर म्हणाले.

पाहुण्यांनी आपल्या खिशातली लिमलेटची गोळी दिली. सरांनी ती तोंडात टाकली आणि भाषण न संपवता समोर बघत बसले. मी ध्वनिक्षेपकापाशी गेलो. सांगून टाकायचं, एवढंच मनात होतं. रोपं परत ठेवा, एवढी तीन शब्दांची गोष्ट. सरांनी माझी बाही धरली. ओढली नाही, फक्त धरली.

मी म्हणालो, "जेवण तयार आहे."

लोक उठले. जाताना रोपं न विसरता घेऊन गेले.

दुपारी मी उकंडाजींना हाताला धरून घरी पोचवलं. वाटेत ते दर फाटकापाशी थोडे थबकायचे. शेवंताबाई फाटकात उभ्या होत्या. त्या सगळी पांदण दोनदा पालथी घालून आल्या होत्या. फाटकापाशी वीतभर खोड राहिलं होतं, त्याच्यावर कुणीतरी शेण लिंपलं होतं.

"केंद्रात गेले होते," मी म्हणालो. "सुखरूप आहेत."

त्या सासऱ्यांना आत नेऊन परत आल्या. मी अजून तिथेच होतो.

"बोला," त्या म्हणाल्या.

"किडे आमच्याच कुंपणावर होते. तुमच्या झाडावर नव्हते."

त्यांनी पदराने हात पुसले.

"ते वीस... ते शून्य मी नंतर लिहिलं."

"म्हंजे दोनच होते?"

"दोनच."

"पाव्हने," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं शिव्या देतील. त्यांनी फक्त खोडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सोमवारपासून मी त्याईच्या संगं जाईन पारावर. येतानी बी. तेवढं ताक तुमी तुमचं दुसऱ्याकून पाहा."

पुढचे पंधरा दिवस मी आणि श्रावण मोटारसायकलवर सव्वीस गावं फिरलो. एकशे चाळिसातली एकतीस रोपं परत मिळाली. "दिलेलं परत मागता? तुमी सरकार हाये का रुसलेला जावई?" असं एक जण म्हणाला, त्याच्या बंगल्यापुढे कुंती केव्हाच लागली होती, संत्र्याच्या पहिल्या रांगेपासून दहा हातांवर. आमचं कुंपण काढायला सरांनी प्रशासनाला पत्र लिहिलं. कुंपण काढायचं तर मंजुरी वरून हवी, असं उत्तर आलं; तोवर छाटणी नियमाने चालू ठेवावी, असंही त्यात होतं. चौसष्टपैकी एकेचाळीस झाडं त्या पावसाळ्यात जाळली. कँटीनची कढी सरांनी सोडली. मार्चमध्ये माझी नेमणूक झाली.

दिवाळीच्या आधी पांदणीने जाताना शेवंताबाईंनी मला हाक मारली. फाटकापाशी, त्या वीतभर खोडाभोवती हातभर उंचीचे कोवळे फुटवे आले होते. मी मोजले. सतरा. उकंडाजी बाजेवरून वाकून एकाचं पान चोळत होते.

"काहो चपलवाले," त्यांनी विचारलं, "याच्यावर फारम भरता का आता?"

गोडनिंब नुसता वरून तोडला तर मुळांपासून जोमाने फुटतो, म्हणून तो कधी नुसता तोडू नये. मेळाव्यात वाटलेल्या आमच्या पुस्तिकेत हे पान नऊवर ठळक छापलेलं आहे. तिची मुद्रितं मी तपासली होती.